नेटवर टाकण्याआधी : कॉपीराइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत स्मरणिका, दिवाळी अंक आणि संस्थांची कामं करताना हेच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. पूर्वी विषय छपाईपुरता होता. आता वाचनालयापासून गणेश मंडळापर्यंत प्रत्येकाचं फेसबुक पान असतं, हौशी गायकाचं यूट्यूब चॅनल असतं आणि शाळेतल्या बाई रात्री जेवणं आटोपल्यावर वर्गाच्या ग्रुपवर पीडीएफ टाकत असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आधार आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांचा आहे. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर मात्र वकील गाठा.

नेटवर सगळ्यांना फुकट दिसतंय. मग ते घेऊन आपल्या पानावर टाकलं तर काय बिघडलं?

आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा उघड्यावर चालतो. ढीग सगळ्यांसमोर असतात, बघायला पैसे पडत नाहीत. म्हणून त्यातलं पोतं कोणी उचलून घरी नेत नाही. लेखकानं कविता आपल्या पानावर टाकली, ती लोकांनी वाचावी म्हणून. ती दुसरीकडे छापायची की नाही, कोणी गायची, कोणी अनुवाद करायचा, हे ठरवणं कायद्यानं त्याच्याकडेच ठेवलं आहे.

तुम्ही त्या पोस्टची लिंक द्या, फेसबुकचं 'शेअर' बटण दाबा. वाचक मूळ जागी पोहोचतो आणि लेखकाच्या हातून काही निसटत नाही. मजकूर कॉपी करून आपल्या नावाच्या भिंतीवर चिकटवला की तो वेगळा प्रकार झाला.

लेखकानं नोंदणी केली नसेल, खाली ते वर्तुळातलं सी चिन्हही नसेल, तरी हक्क असतो?

असतो. लिहिलं, काढलं, रेकॉर्ड केलं की त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र पुढेमागे वाद झाला तर नोंदणीचा उतारा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे पुस्तक किंवा नाटक लिहिणाऱ्यांनी ती जरूर करून घ्यावी. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

खाली 'साभार' लिहिलं, कवीचं नाव दिलं. एवढं पुरे ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर 'नाही' असं दिलं की लोक नाराज होतात, कारण नाव देणारा माणूस मनानं प्रामाणिकच असतो.

नाव देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कर्तव्यं आहेत. कायद्याच्या ५७ व्या कलमानं लेखकाला आपलं नाव लागलं पाहिजे आणि कृतीची मोडतोड होता कामा नये, असा स्वतंत्र हक्क दिला आहे. हक्क प्रकाशकाला विकून टाकले तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. म्हणजे परवानगी मिळाली तरी नाव द्यावंच लागतं, आणि नाव दिलं तरी परवानगीची गरज संपत नाही. 'सर्व हक्क मूळ मालकाचे', 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही' या ओळी व्हिडिओखाली सर्रास दिसतात. त्यांना कायद्यात काहीही वजन नाही. उलट, हे दुसऱ्याचं आहे हे आपल्याला ठाऊक होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या कवितेखाली नावच नाही. कोणाला विचारायचं?

आधी शोधा. कवितेतली एखादी वेगळी ओळ अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधली की बरेचदा मूळ पोस्ट सापडते. फोटो असेल तर गूगल लेन्स वापरा. नाही सापडलं तर टाकू नका. 'कवी : अनामिक' असं लिहून टाकलेल्या कितीतरी कवितांचे कवी आपल्याच जिल्ह्यात, विट्यात नाहीतर जतमध्ये, हयात आहेत. आपलीच कविता चार ग्रुप फिरून निनावी परत आलेली बघताना त्यांना काय वाटत असेल? मला तर पैसे बुडण्यापेक्षा हे अधिक जिव्हारी लागणारं वाटतं.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे नवख्याची कविता एखाद्या थोर कवीच्या नावावर खपवणं. त्यात दोघांवर अन्याय होतो: लिहिणाऱ्याचं श्रेय जातं आणि थोर कवीच्या माथी न लिहिलेल्या ओळी बसतात. संग्रहात प्रत्यक्ष छापलेली कविता पाहिल्याशिवाय मोठं नाव खाली लिहू नका.

आणि फोटोवरचं नाव किंवा वॉटरमार्क कापून टाकणं? हक्काची माहिती जाणूनबुजून काढणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

किती जुनं झालं की साहित्य मोकळं होतं?

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची, त्यामुळे मुदत नेहमी ३१ डिसेंबरला संपते.

आपल्याच भागातली उदाहरणं घेऊ. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले; त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली. सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांचं साहित्य २००८ च्या अखेरीस मोकळं झालं. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या मर्ढ्याचे बा. सी. मर्ढेकर १९५६ चे, म्हणजे २०१६ अखेर. त्यांच्या कविता आज कोणीही पूर्ण छापू शकतो, वाचून रेकॉर्ड करू शकतो.

पण वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांचं साहित्य १ जानेवारी २०३० ला मोकळं होईल. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, ते २०३६ च्या अखेरपर्यंत थांबावं लागेल. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर १९७७ चे, म्हणजे २०३७ अखेर. जयंती-पुण्यतिथीला यांच्या कथा आणि गाणी अख्खीच्या अख्खी टाकली जातात. ती प्रेमानं टाकली जातात हे खरं आहे, पण वारस आणि प्रकाशक आहेत आणि विचारायला हवं.

काही अपवाद लक्षात ठेवा. लेखक दोन असतील तर जो नंतर गेला त्याच्या वर्षापासून मोजायचं. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं लेखन, समजा माळ्यावर सापडलेली रोजनिशी, प्रकाशनापासून ६० वर्षं राखीव असते. टोपणनावाने लिहिलेलं आणि खरं नाव कधीच उघड न झालेलं साहित्यही प्रकाशनापासूनच मोजतात. सरकारी प्रकाशनं, चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं यांनाही तोच हिशेब.

बाहेरच्या देशातल्या संकेतस्थळावर एखादं पुस्तक 'मोकळं' म्हणून ठेवलेलं दिसलं तरी मुदत आपल्या कायद्यानं तपासा. देशागणिक वर्षं बदलतात.

नाट्यपद शंभर वर्षांपूर्वीचं आहे. मग त्याचं रेकॉर्डिंग टाकायला काय हरकत?

नाट्यपंढरीत हा प्रश्न येणारच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच पहिला खेळ केला, तेव्हापासूनचा केवढा ठेवा आपल्याकडे आहे! तो नेटवर यावा, नव्या पोरांच्या कानावर पडावा असं मनापासून वाटतं. म्हणून हे नीट समजून घ्या.

एका गाण्यात हक्कांचे थर असतात. शब्द पदकर्त्याचे. चाल संगीतकाराची, आणि तिची मुदत संगीतकाराच्या मृत्यूवरून वेगळी मोजायची. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते काढणाऱ्या कंपनीचा, प्रकाशनापासून ६० वर्षं. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा सादरीकरणाचा हक्क, तो ५० वर्षं. देवलांच्या पदाचे शब्द मोकळे आहेत म्हणून १९८५ ची कॅसेट मोकळी होत नाही. तिचं ध्वनिमुद्रण २०४५ अखेरपर्यंत राखीव आहे. उलट १९६० साली निघालेली तबकडी घ्या. तिच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपला. शब्द आणि चालही मोकळी असेल तर ती तबकडी खुशाल ऐकवा.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं निधन १९३७ चं. त्यांच्या हयातीत बाजारात आलेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाची मुदत कधीच उलटून गेली आहे. तरीही अशी तबकडी यूट्यूबवर टाकली की एखाद्या कंपनीचा आपोआप दावा येऊ शकतो, कारण तिथलं यंत्र फक्त आवाज जुळवतं, त्याला सालं कळत नाहीत. घाबरून काढून टाकू नका. तबकडीच्या लेबलचा फोटो आणि प्रकाशनाचं साल हाताशी ठेवा, आणि दावा खोटा असल्याची खात्री असेल तर हरकत नोंदवा.

भावे नाट्यमंदिरात तुम्ही स्वतः देवलांचं पद गायलात आणि त्याचा व्हिडिओ टाकलात तर अडचण नाही. फक्त तबला आणि ऑर्गनच्या साथीदारांना आधी सांगा; सादरीकरणाचा हक्क त्यांचाही आहे. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेत खाली बसून मोबाईलवर अख्खा राग टिपणाऱ्यांनाही हेच लागू. राग कोणाच्या मालकीचा नाही, पण त्या रात्रीचं गाणं त्या गायिकेचं आहे.

अभंग, ओव्या, भारुडं तर सगळ्यांचीच ना?

हो, मूळ संहिता सगळ्यांची. पण आधुनिक संपादकानं लिहिलेली प्रस्तावना, टीपा, कठीण शब्दांचे अर्थ, सोप्या मराठीतला भावार्थ त्याचा असतो. ज्ञानेश्वरीची ओवी द्या, पान ५० वरचं विवरण उचलू नका. जात्यावरच्या ओव्या एखाद्या आजींकडून रेकॉर्ड करून टाकणार असाल तर त्यांचं नाव, गाव आणि संमती घ्या. ओवी परंपरेची असली तरी आवाज आणि सादरीकरण आजींचं आहे.

महापुराचे फोटो सगळीकडे फिरतात. ते वापरले तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचे फोटो आठवा. आयर्विन पुलापाशी चढलेलं पाणी, गच्च्यांवर अडकलेली माणसं, होड्या. गळ्याइतक्या पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून उभं राहिलेल्या माणसांनी ते काढले. दुसऱ्या दिवशी तेच फोटो नाव कापून, वर भलत्याच पानाचा शिक्का मारून राज्यभर फिरत होते. २०२१ च्या पुरात काहींनी तेच जुने फोटो आजचे म्हणून पुन्हा टाकले, म्हणजे चोरीत अफवेचीही भर पडली.

पुलापाशी पाण्याची पातळी किती फूट आहे, कोयनेतून विसर्ग किती सोडला, कोणते रस्ते बंद आहेत ही माहिती कोणाचीच मालमत्ता नाही. ती स्वतःच्या शब्दांत लिहून पसरवा, संकटात पसरवलीच पाहिजे. फोटो मात्र काढणाऱ्याचा आहे. तो एखाद्या वृत्तपत्रात नोकरीला असेल तर वृत्तपत्रात छापण्याचा हक्क मालकाकडे जातो. इतर सर्व बाबतींत, वेगळा करार नसेल तर, हक्क छायाचित्रकाराकडेच राहतो.

चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी योग्य मर्यादेत वापर करायला कायद्यानं सवलत दिली आहे. ती सवलत बातमीसाठी आहे. पाच वर्षांनी पुराच्या आठवणींचं कॅलेंडर किंवा क्लासची जाहिरात करताना ती कामाला येत नाही.

लग्नाचे फोटो कोणाचे, आमचे की स्टुडिओचे?

पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंचे आणि व्हिडिओचे पहिले मालक तुम्ही, म्हणजे काम देणारे. करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो, तेव्हा ऑर्डर फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं सही करण्याआधी वाचा. स्टुडिओला ते फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर त्यांनी तुम्हाला विचारायला हवं.

वरातीत चित्रपटातली गाणी वाजतात, मंडळापुढेही वाजतात. त्याचं काय?

लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कायद्यात स्पष्ट सूट आहे. तरी पैसे मागितले जातात अशा तक्रारी झाल्या, तेव्हा जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागानं जाहीर सूचना काढून ही सूट पुन्हा बजावली. धार्मिक विधींनाही सूट आहे, पण मंडळानं प्रायोजक घेऊन केलेला ऑर्केस्ट्रा किंवा तिकीट लावलेला दांडिया त्यात बसतो असं धरून चालू नका. आधी परवाना घ्या.

नेटवर टाकणं हा निराळा मुद्दा आहे. वरातीत गाणं वाजवायला सूट आहे म्हणून त्याच गाण्यासह व्हिडिओ यूट्यूबवर चढवायला सूट मिळत नाही. तिथे दोन गोष्टी घडू शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'दावा' आला तर व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात किंवा आवाज बंद होतो. 'स्ट्राइक' गंभीर असतो: ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबच्या स्वतःच्या संग्रहातलं गाणं लावणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. पण तो संग्रह खासगी खात्यांना वेगळा आणि धंद्याच्या खात्यांना वेगळा असू शकतो, हे दुकानदारांनी बघून घ्यावं.

गणपती मंदिराचा, पुलाचा, चौकातल्या पुतळ्याचा फोटो टाकायला परवानगी लागते का?

वास्तू आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेले पुतळे यांचे फोटो काढून प्रसिद्ध करायला कॉपीराइटची आडकाठी नाही. भिंतीवर रंगवलेल्या चित्राच्या फोटोला मात्र ही सवलत नाही, तिथे चित्रकाराला विचारा. मंदिरात फोटोला बंदी असेल तर तो तिथला नियम म्हणून पाळायचा.

पुस्तकाबद्दल लिहिताना किती ओळी घेता येतात?

दहा टक्के चालतात, तीस सेकंद चालतात, पाच ओळी चालतात... असं काही कायद्यात लिहिलेलं नाही. समीक्षा, परीक्षण, खासगी अभ्यास आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी 'योग्य वापर' करता येतो, आणि योग्य काय हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं. कादंबरीच्या परीक्षणात मुद्दा पटवण्यासाठी दोन उतारे घेतले, भोवती तुमचं स्वतःचं म्हणणं आहे, लेखकाचं नाव आहे, तर कोणी हरकत घेणार नाही. आठ ओळींच्या कवितेवर 'वा! क्या बात है' एवढंच लिहून आठही ओळी दिल्या तर ते परीक्षण होत नाही. मी एकच कसोटी लावते: माझं वाचून झाल्यावर वाचकाला मूळ पुस्तक घ्यावंसं वाटेल, की आता घ्यायची गरज राहिली नाही असं वाटेल? दुसरं वाटणार असेल तर मी उतारा छाटते.

मोबाईलवर अख्खं पुस्तक स्कॅन करून 'वाचनप्रेमींसाठी' ग्रुपवर टाकणाऱ्यांसाठी मात्र कुठलीच सवलत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास निघाली तरी ती संपायला वर्षं लागतात. त्यात पीडीएफ फिरली की प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचं नाव काढत नाही आणि लेखकाचा पुढचा संग्रह हस्तलिखितातच राहतो.

कल्पना घेतली, शब्द माझे वापरले. चालेल?

चालेल. कल्पनेवर, विषयावर, वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. भडंगाची कृती घ्या. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट यांचं प्रमाण कोणाच्या मालकीचं नाही. पण एखाद्या ताईंनी ती कृती आपल्या आईच्या आठवणींसह लिहिली, परातीतल्या भडंगाचा फोटो काढला, तर ते लेखन आणि तो फोटो त्यांचा. तुम्ही करून बघा, तुमचा फोटो काढा, तुमच्या पद्धतीनं लिहा.

फक्त शब्द फिरवणं म्हणजे स्वतःचं लिहिणं होत नाही. वाक्याचा क्रम तोच, उदाहरणं तीच, 'सुंदर'च्या जागी 'मनोहर', ही नक्कलच. मग ते फिरवाफिरवीचं काम स्वतः करा नाहीतर एखाद्या एआयकडून करवून घ्या.

इंग्रजी गोष्टीचा मराठी अनुवाद करून टाकला तर तो माझाच ना?

अनुवाद तुमचा, पण अनुवाद करू देण्याचा हक्क मूळ लेखकाचा. परवानगी आधी. नाटकावरून एकांकिका, कथेवरून लघुपट यांनाही हेच लागू. मूळ लेखकाची ६० वर्षं उलटली असतील तर खुशाल करा, आणि मग त्या अनुवादावर तुमचा स्वतंत्र हक्क राहील. आधीच प्रसिद्ध झालेला दुसऱ्याचा मराठी अनुवाद मात्र मूळ जुनं म्हणून उचलू नका.

शिक्षकांना काही सवलत आहे का?

आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, त्याचं उत्तर यांना कायदा आड येत नाही. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं विद्यापीठातल्या झेरॉक्स संचांच्या खटल्यात या सवलतीचा उदार अर्थ लावला. पण ती वर्गासाठी आहे. खासगी प्रकाशनाचं गाईड पूर्ण स्कॅन करून सगळ्या जगाला उघड्या टेलिग्राम चॅनलवर टाकणं वर्गात शिकवणं ठरत नाही. बालभारतीची पुस्तकं मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा फाईल फिरवण्याऐवजी तिथली लिंक द्या. चुका दुरुस्त झालेली आवृत्तीही तिथेच असते.

अंध आणि इतर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पुस्तक ऐकण्याजोगं किंवा ब्रेलमध्ये करून द्यायला कायद्यात वेगळी सवलत आहे. ती फारच कमी वापरली जाते. वाचून रेकॉर्ड करून देणाऱ्या स्वयंसेवकांनी बिचकू नये.

सरकारी कागद, कोर्टाचे निकाल?

राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयाचे निकाल पुन्हा प्रसिद्ध करता येतात, न्यायालयानं मनाई केली नसेल तर. कायद्याचा मजकूर आपल्या विवेचनासह देता येतो. खासगी प्रकाशनानं निकालावर लिहिलेल्या शीर्षटिपा त्यांच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सांगितलं आहे. सरकारी संकेतस्थळावरचं बाकी सगळं मोकळं असतं असं मात्र समजू नका. वाईत घडलेला मराठी विश्वकोश सगळ्यांना वाचायला खुला आहे, पण त्यातली नोंद जशीच्या तशी आपल्या नावाखाली टाकता येत नाही.

बिनधास्त वापरता येईल असं काय मिळतं?

पुष्कळ. मुदत संपलेलं मराठी साहित्य एका माणसाला आयुष्यभर पुरेल एवढं आहे. त्याशिवाय क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली लोकांनी स्वतःहून दिलेली कामं आहेत. विकिपीडियाचा मजकूर याच पद्धतीनं मिळतो: नाव द्या, परवान्याचा उल्लेख करा, आणि तुम्ही त्यात बदल करून जे बनवाल ते त्याच अटीवर पुढे द्या. काही परवान्यांत धंद्यासाठी वापर वर्ज्य असतो, काहींत बदल वर्ज्य असतो. विकिमीडिया कॉमन्सवरच्या प्रत्येक फोटोखाली त्याची अट लिहिलेली असते, ती वाचून घ्या आणि फोटोखालीच छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि लिंक द्या. 'फोटो : गूगल' किंवा 'फोटो : इंटरनेट' हा श्रेय देण्याचा प्रकार नाही. गूगल फोटो काढत नाही.

परवानगी मागायची कशी? लेखक मोठे आहेत, संकोच वाटतो.

संकोच सोडा. मराठी लेखक फार साधे असतात, आणि आपल्या लिखाणाबद्दल कोणी आस्थेनं विचारलं की बहुतेकांना आनंदच होतो. पुस्तकाच्या पहिल्या पानांत हक्क कोणाकडे आहेत हे छापलेलं असतं. लेखक हयात नसतील तर प्रकाशकाला लिहा, ते वारसांशी गाठ घालून देतात.

संदेश मोघम नको. 'सर, तुमची कविता वापरू का?' यावर माणूस काय सांगणार? असं लिहा:

'नमस्कार. आपली अमुक कविता आमच्या वाचनालयाच्या फेसबुक पानावर मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला द्यावी अशी इच्छा आहे. कविता पूर्ण, जशीच्या तशी आणि आपल्या नावासह देऊ. पानावर जाहिराती नाहीत आणि त्यातून उत्पन्न मिळत नाही. आपण सांगाल तेव्हा पोस्ट काढून घेऊ. मान्य असल्यास याच संदेशाला होकार कळवावा. मानधनाबाबत अपेक्षा असल्यास तीही सांगावी.'

होकार लेखी हवा. फोनवर 'घ्या की' म्हणाले असतील तर लगेच व्हॉट्सअॅपवर 'आत्ताच्या बोलण्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. परवानगी मिळाली ती जेवढ्यासाठी मागितली तेवढ्यापुरतीच. फेसबुकसाठी घेतलेल्या होकारावर वर्षभरानं पुस्तिका छापू नका. आणि उत्तरच आलं नाही तर त्याचा अर्थ नकार असा घ्या. आठवड्यानं एकदा आठवण केली तर कोणी रागावत नाही.

माझी कथा दिवाळी अंकात आली होती. ती मी स्वतः नेटवर टाकू शकतो का?

हक्क लेखी सही करून दिले नसतील तर बहुधा हो. लेखी सहीशिवाय हक्कांचं हस्तांतरण होतच नाही. सही केली आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तरी अंक बाजारात असेपर्यंत थांबणं आणि संपादकांना एक फोन करणं बरं. अंक काढणाऱ्यांची आर्थिक ओढाताण किती असते हे जवळून पाहिलं आहे.

नव्या लेखकांनी एक करावं. करारात 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' असं दिसलं की पेन खाली ठेवा आणि कुठलं माध्यम, किती वर्षं, किती मानधन हे विचारा.

माझंच कोणी उचललं असेल तर?

आधी पुरावा: पानाचा स्क्रीनशॉट, त्यात तारीख आणि पूर्ण पत्ता दिसेल असा. तुमची मूळ फाईल, पहिली पोस्ट, संपादकांना पाठवलेला ईमेल एका फोल्डरमध्ये ठेवा. मग समोरच्याला सभ्य शब्दांत लिहा. बऱ्याच वेळा पान चालवणारा विशीतला मुलगा असतो, त्याला खरंच माहीत नसतं, आणि तो काढून टाकतो किंवा नाव घालतो. चारचौघांत लगेच 'चोर' म्हणून जाहीर करू नका, मग माघार घ्यायला त्याला जागा राहत नाही.

ऐकलं नाही तर फेसबुक, यूट्यूब यांचे तक्रारीचे फॉर्म आहेत. संकेतस्थळ ज्यांच्याकडे ठेवलेलं आहे त्यांना लेखी तक्रार द्या. नियमाप्रमाणे तक्रार असेल तर त्यांना ३६ तासांच्या आत तो मजकूर २१ दिवसांसाठी बंद करावा लागतो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात. दावा लावायचा झाल्यास चोरणारा कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. म्हणजे सांगलीकराला मुंबई गाठायची गरज नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं. पोलिसांकडे जाण्याआधी मात्र वकिलाशी बोला.

आमच्या पानावर गेल्या कित्येक वर्षांच्या अशा पोस्टी आहेत. आता काय करायचं?

सगळ्या एका रात्रीत उडवू नका, त्यात चांगलंही वाहून जाईल. ज्यांवर दुसऱ्या कोणाचं नाव असायला हवं होतं आणि नाही, त्या आधी उघडा. लेखक सापडला तर नाव घालून त्यांना कळवा आणि राहू द्यावी का ते विचारा. पूर्ण पुस्तकं आणि ध्वनिफिती लगेच काढा, त्यांत विचारण्यासारखं काही नाही. उरलेल्या पोस्टी महिन्याला थोड्याथोड्या करत तपासा आणि मिळालेले होकार पानाच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा. उद्या कार्यकारिणी बदलली तरी नव्या सचिवांना ते सापडले पाहिजेत.